नकाराची सही

टेकडीवरच्या माणसांना ती कॉलरवरून ओळखायची. चेहरे तिला फारसे दिसत नसत. कपड्यांची गाठोडी मागच्या दाराने बाहेर यायची आणि घड्या मागच्याच दाराने आत जायच्या. पण कुणाचं पोट वर्षभरात किती पुढे आलं, कोण बायकोपासून चोरून सिगारेट ओढतो, कुठल्या घरात नवराबायको वेगवेगळ्या खोल्यांत झोपू लागलेत, हे शर्ट आणि चादरी तिला सांगत. ती मात्र कुणापाशी एक अक्षर बोलली नाही. "कपडा बोलतो, आपण बोलायचं नाही," असं सासूने हातात इस्त्री देताना बजावलं होतं, आणि एकतीस वर्षं तिने ते पाळलं.

टेकडीवर तिला सगळे इस्त्रीवाली म्हणत. खालच्या वस्तीत मात्र ती सगळ्यांची ताई. तिच्याहून दहा वर्षांनी मोठी माणसंही तिला ताईच म्हणत. टेकडीचा रस्ता वळतो तिथे एका जुन्या भिंतीला टेकून तिची टपरी होती. एक लांब टेबल, त्यावर चार पदरी घोंगडी, कोळशाची एक जड इस्त्री आणि विजेची एक हलकी, एवढाच संसार. नवरा मालधक्क्यावर हमाल होता. कंबर गेली तसा घरी बसला. कंबर गेली तरी जीभ शाबूत होती. "आमच्या घरात दोनच गरम वस्तू," असं तो आल्यागेल्याला सांगायचा, "एक इस्त्री आणि दुसरी इस्त्रीवाली." हे त्याचं म्हणणं खोटं होतं. ताईचा आवाज कधी चढलेला कुणी ऐकला नव्हता.

वस्तीतच खिळेकाका राहायचे. आयुष्यभर छापखान्यात शिशाचे खिळे जुळवून त्यांनी ओळी बांधल्या, म्हणून हे नाव. उलटं वाचायची त्यांना इतकी सवय होती की समोरच्या माणसाच्या हातातलं पत्र ते आपल्या खुर्चीतून वाचून काढत. निवृत्त झाल्यावर त्यांनी एकच काम हातात घेतलं आणि नऊ वर्षं सोडलं नाही.

काम असं. शहराची सार्वजनिक जमीन कुणाला विकायची, कुणाला भाड्याने द्यायची, हे ठरवायला पाच जणांची एक समिती होती. पाचही जागांवर माणसं निवडून यायची आणि मत सगळ्यांना सारखंच होतं. उभं राहायला मात्र गाडी लागायची, पत्रकं छापावी लागायची, चार महिने कामावर दांडी मारता यावी लागायची. म्हणून दर खेपेला वस्तीतली माणसं रांगा लावून एवढंच ठरवायची, की टेकडीवरच्या कुठल्या माणसाने आपल्यावर राज्य करायचं. खिळेकाकांचं म्हणणं होतं की पाचातली एक खुर्ची ज्याच्या नावावर घर नाही, जमीन नाही, दुकान नाही, अशाच माणसाला द्यावी. आणि नुसती खुर्ची देऊ नये, नाहीतर ते माणूस चहा पिऊन घरी येईल. त्याच्या सहीशिवाय एक वीतभर सार्वजनिक जमीन हलू नये.

नऊ वर्षं ते अर्ज करत राहिले, मोर्चे काढत राहिले, दोनदा तुरुंगातही जाऊन आले. शेवटी एका निवडणुकीत टेकडीवरच्या दोन गटांचं आपसात बिनसलं, दोघांनाही वस्तीची मतं हवी झाली, आणि त्या ओढाताणीत नियम मंजूर झाला. दुसऱ्या दिवशी खिळेकाका ताईच्या टपरीवर येऊन उभे राहिले.

"तू उभी राहा," ते म्हणाले.

"मला काय कळतं त्यातलं? सातवी झालेय मी."

"तुला नाही म्हणता येतं. परवा ती मोटारवाली बाई ओला सूट आत्ताच्या आत्ता दे म्हणून अडून बसली होती. तू तिला तीनदा नाही म्हणालीस, आणि तिन्ही वेळा एकाच आवाजात. त्या खुर्चीला एवढंच लागतं. बाकीचं मी शिकवीन."

ताई हसली. पण नवरा म्हणाला, "राहा की. नाहीतरी एकतीस वर्षं मला एकट्यालाच नाही म्हणत आलीस. जरा शहरालाही कळू दे." आणि ती उभी राहिली. पत्रकं खिळेकाकांनी जुन्या छापखान्यातल्या ओळखीवर छापून घेतली. शेजारची शिंपीण, ताईची जिवाभावाची मैत्रीण, दारोदार फिरली. ताई दणकून निवडून आली.

दुसऱ्याच दिवशी सकाळी समितीच्या अध्यक्षांच्या बायकोची गाडी टपरीसमोर थांबली. एकतीस वर्षांत त्या पहिल्यांदा खाली उतरल्या. "अभिनंदन," त्या म्हणाल्या. "आम्हाला सगळ्यांनाच फार आनंद झालाय. पण एक अडचण आहे बघा. तुम्ही आता साहेबांच्या शेजारी बसणार. तुमच्याकडून आम्ही कपडे इस्त्री करून घेणं काही बरं दिसत नाही. तुमचा मान राहायला हवा."

आजवर त्या तिला "अगं ए" म्हणत आल्या होत्या. त्या एका 'तुम्ही'ने टेकडीवरची अकरा घरं गेली. कुणी भांडलं नाही, कुणी वाईट बोललं नाही. सगळ्यांनी मान राखला.

"मग आज मानाची आमटी करायची का?" नवऱ्याने संध्याकाळी विचारलं. वस्तीतले कपडे होते, पण वस्तीतली माणसं इस्त्री करून घेणार ती लग्नाला नाहीतर मुलाखतीला.

समितीची बैठक दर मंगळवारी सकाळी अकराला असे. धंद्याची तीच वेळ. कागद सोमवारी संध्याकाळी यायचे, साठ-सत्तर पानं. ती घेऊन ताई खिळेकाकांच्या खोलीत जायची. खोलीत एक पलंग, एक दिवा आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत पिवळे पडलेले कागद. "शब्दावर बोट ठेवून वाच," काका म्हणायचे. "छापताना एकेक खिळा हाताने उचलावा लागतो. कुणी फुकट उचलत नाही. जो शब्द नसता तरी चाललं असतं असं वाटेल, तिथेच थांब. तो कुणीतरी कामासाठी ठेवलाय."

सभेच्या खोलीत मधोमध लांबलचक टेबल होतं आणि इतका गारवा की ताईला पहिल्या दिवशी शिंका आल्या. आयुष्य वाफेत गेलेलं. अध्यक्ष उठून उभे राहिले, हात पुढे केला. तिच्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचे जुने डाग होते. ते त्यांनी पाहिले आणि न पाहिल्यासारखं केलं. माणूस चांगला होता, हे सांगायला हवं. त्याने तिला कधी अर्ध्या वाक्यात तोडलं नाही. तिचं बोलणं संपलं की "फार मोलाचा मुद्दा" म्हणायचा आणि कारकुनाला सांगायचा, "लिहून घ्या." कारकून लिहून घ्यायचा.

पहिलं वर्ष बरं गेलं. बस डेपोच्या मागची बोळ एका गोदामवाल्याला हवी होती. वस्तीतल्या बायका त्याच बोळातून कामाला जात. ती बंद झाली तर दीड मैलाचा वळसा. ताईने सही केली नाही, आणि बोळ राहिली. वस्तीत त्या दिवशी तिला हात धरून घरोघर चहा पाजला. शिंपिणीने तिच्यासाठी एक जाकीट शिवलं, करड्या रंगाचं, अस्तर लावलेलं. "गारठतेस ना तिथे," ती म्हणाली.

दुसऱ्या वर्षी मैदानाचा प्रस्ताव आला.

वस्ती आणि डेपो यांच्यामध्ये मोठं मैदान होतं. त्याच्या कडेला दोन खोल्यांचा सरकारी दवाखाना. डॉक्टर आठवड्यातून तीन दिवस येई. हे सगळं एका कंपनीला नव्व्याण्णव वर्षांच्या कराराने द्यायचं, कंपनी तिथे मोठं रुग्णालय बांधणार, आणि त्या बदल्यात वस्तीतल्या माणसांसाठी तीस खाटा मोफत, असा प्रस्ताव होता. कंपनीत अध्यक्षांचा मेहुणा भागीदार होता आणि ते त्यांनी स्वतःच सभेत सांगून टाकलं. लपवाछपवी नको म्हणाले.

ताईला पहिल्यांदा प्रस्ताव आवडला. तीस खाटा म्हणजे थोडक्या नव्हेत. ती तसं खिळेकाकांना म्हणालीसुद्धा. मग दोघांनी बोट ठेवून वाचायला घेतलं आणि चौतिसाव्या पानावर ताईचं बोट थांबलं. 'उपलब्धतेनुसार तीस खाटा.'

"हा शब्द नसता तर?" ती म्हणाली.

काका चष्मा काढून पुसत बसले.

मंगळवारी तिने विचारलं, "खाट उपलब्ध आहे की नाही, हे कोण ठरवणार?"

"रुग्णालयाचं व्यवस्थापन," समितीचे वकील म्हणाले.

"म्हणजे कंपनी."

"अहो, तो नेहमीचा शब्द आहे," अध्यक्ष समजुतीने म्हणाले. "सगळ्याच करारांत असतो. त्याला काही अर्थ नसतो."

"मग काढला तरी चालेल."

कुणीतरी हसलं. वकिलांनी घसा साफ केला. "एक शब्द काढायचा तरी करार पुन्हा सगळ्या टेबलांवरून फिरवावा लागतो. आठ महिने जातील."

"जाऊ देत. नव्व्याण्णव वर्षांतलेच आठ महिने."

अध्यक्ष म्हणाले, "फार मोलाचा मुद्दा." कारकुनाने लिहून घेतलं. आणखी एक गोष्ट तिने मागितली: नवं रुग्णालय उभं राहीपर्यंत जुना दवाखाना हलवू नये. तीही लिहून घेतली. पुढच्या बैठकीत करार आला तेव्हा चौतिसाव्या पानावर तो शब्द जागच्या जागी होता. त्याच्या पुढच्या बैठकीतही होता. चौथ्या वेळी ताईने कागद ओढला, सहीच्या जागी 'संमती नाही' असं सावकाश, गोल अक्षरांत लिहिलं आणि खाली आपली सही केली. अध्यक्षांनी तिच्यासाठी चहा मागवला.

तिला वाटलं होतं धमक्या येतील. खिळेकाकांनीही तसं सांगून ठेवलं होतं. पण धमकी द्यायला कुणी आलं नाही. आला तो एक फलक. मैदानाच्या तोंडावर घराएवढा उंच, त्यावर रुग्णालयाचं रंगीत चित्र: निळ्या काचा, पुढे झाडं, हसणारी परिचारिका. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'काम सुरू होण्यासाठी प्रतीक्षा आहे फक्त एका सहीची.' ताईचं नाव कुठेच नव्हतं. त्याची गरजही नव्हती. दर आठवड्याला वर्तमानपत्रात कुणीतरी लिहायचं की एका व्यक्तीच्या हट्टापायी हजारोंचं आरोग्य टांगणीला लागलं आहे. वर्तमानपत्राचे मालक टेकडीवरच राहत. त्यांचे शर्ट ताईने पंधरा वर्षं केले होते.

वस्तीत लोक आधी चेष्टेने विचारत, "काय ताई, कधी करताय सही?" मग चेष्टा गेली आणि प्रश्न तेवढा राहिला. ती प्रत्येकाला चौतिसाव्या पानाचं सांगायची. लोक ऐकून घ्यायचे आणि शेवटी म्हणायचे, "पण तीस खाटा देतायत ना?" एका शब्दाचं दुखणं कुणाला समजावून सांगणार. चित्रातल्या निळ्या काचा सगळ्यांना समजत होत्या.

दवाखान्यातला डॉक्टर निवृत्त झाला आणि त्याच्या जागी कुणी आलं नाही. ताईने सभेत विचारलं. नवं रुग्णालय होऊ घातलंय, तर जुन्या जागी नेमणूक करणं व्यवहार्य नाही, असं उत्तर मिळालं. ते रुग्णालय तर तुम्हीच अडवून धरलंय, असं कुणी म्हणालं नाही. सगळ्यांनी नुसतं तिच्याकडे पाहिलं.

त्यानंतर दोन महिन्यांनी, भर दुपारी, शिंपिणीच्या नवऱ्याच्या छातीत कळ आली. दवाखान्याला कुलूप. एका टेम्पोत घालून त्याला शहरापलीकडच्या मोठ्या रुग्णालयात न्यायला निघाले आणि डेपोच्या पुढच्या पुलावर तो गेला.

ताई धावत तिच्या घरी पोचली तेव्हा त्याला परत आणलं होतं. शिंपीण कपाट उघडून उभी होती. त्याला घालायला चांगला शर्ट काढला होता, निळ्या रेघांचा. ताईने पुढे होऊन त्याची एक बाही धरली. "दे, मी इस्त्री करून आणते," ती म्हणाली. शिंपिणीने शर्टाची दुसरी बाही सोडली नाही. दोघी बायका तो शर्ट धरून क्षणभर तशाच उभ्या राहिल्या. मग शिंपिणीने तो आपल्याकडे ओढून घेतला.

"ताई," ती म्हणाली, "एक सहीच होती ना."

ताईला सांगता आलं असतं. सही केली असती तरी आज तिथे नुसता पाया खणलेला असता. रुग्णालय उभं राहायला चार वर्षं लागणार होती. दवाखाना तिने बंद केला नव्हता. ज्यांनी केला त्यांची नावं तिला पाठ होती. हे सगळं खरं होतं आणि त्या खोलीत त्यातलं एक वाक्यही बोलण्यासारखं नव्हतं. ती दाराशी उभी राहिली. बायका तिच्या अंगाला अंग न लावता आतबाहेर करत होत्या. थोड्या वेळाने ती घरी आली.

दुसऱ्या दिवशी ती खिळेकाकांकडे गेली. "करू का सही?" तिने विचारलं.

काकांनी समोरच्या कागदांचा गठ्ठा बाजूला सारला. मग म्हणाले, "सही केलीस तर तो शब्द नव्व्याण्णव वर्षं तिथेच राहील. नाही केलीस तर तुला ह्या गल्लीतून मान खाली घालून जावं लागेल. मी तुला काय सांगू? माझ्या घरात कुणी आजारी नाही. मला नाही म्हण म्हणणं सोपं आहे."

"तुम्हीच मला बसवलंत ना त्या खुर्चीत?"

"हो," काका म्हणाले. "बसवलं खरं. खुर्चीत बसल्यावर तुला भाकरी कुठून मिळणार, याचा मी विचारच केला नाही. नऊ वर्षांत ते एक कलम घालायचं राहिलं."

ताईने सही केली नाही. हट्ट म्हणा, काही म्हणा. ती पुढे म्हणायची, की तो शब्द काढला असता तर त्याच दिवशी केली असती. मी अडवलं नव्हतं, त्यांनी अडवलं होतं. पण हे ऐकायला कोण होतं.

मग टेकडीने सरळ रस्ता धरला. अध्यक्षांनी जाहीर केलं की लोकशाहीत एका माणसाच्या हाती सगळ्यांचं भवितव्य असणं योग्य नाही. आपण लोकांनाच विचारू. सार्वत्रिक मतदान ठरलं. नियमात पाचव्या सदस्याच्या 'संमतीने' असं होतं, त्याजागी 'सल्ल्याने' करायचं, इतकाच बदल. खुर्ची राहणार, मान राहणार, चहा राहणार. मतपत्रिकेवर हे सगळं अकरा ओळींत लिहिलं होतं. फलकांवर मात्र चारच शब्द होते: 'रुग्णालय हवं की नको?'

खिळेकाका त्या म्हातारपणी दारोदार फिरले. लोक त्यांना बसायला खुर्ची देत, पाणी देत, मान डोलवत. एका घरात एक म्हातारी त्यांना म्हणाली, "तुमचं खरं असेल हो. पण आम्हाला खरं नको, डॉक्टर हवाय." काका ते ताईला सांगताना हसायला गेले आणि त्यांना ठसका लागला.

मतदानाच्या दिवशी ताईने करडं जाकीट घातलं आणि रांगेत उभी राहिली. पुढची माणसं पुढे बघत राहिली, मागची जमिनीकडे. दोन दिवसांनी आकडे लागले. टेकडी आणि बाजारपेठ बदलाच्या बाजूने जाणार हे ठरलेलंच होतं. तेवढ्याने ते जिंकले नसते; टेकडीवर माणसं ती किती. वस्तीतल्या एकोणीसशे मतांपैकी साडेबाराशे मतांनी 'हो' म्हटलं होतं. नऊ वर्षं खपून मिळालेली वस्तू वस्तीने रांगेत उभं राहून स्वतःच्या हाताने परत केली.

ताई घरी आली. नवरा खाटेवर कंबरेला उशी लावून बसला होता.

"कळलं?" तिने विचारलं.

"कळलं." उशी सरकवत तो म्हणाला, "मीही 'हो' म्हणून आलो."

तिला वाटलं तो नेहमीसारखी थट्टा करतोय. तिने त्याच्याकडे पाहिलं. तो करत नव्हता.

"का?"

"दोन वर्षं तू धड जेवलेली नाहीस. रात्री उठून बसतेस. शिंपीण समोरून गेली की तुझा चेहरा मेल्यासारखा होतो. मला म्हातारपणी बायको हवीय, सदस्य नको. जाऊ दे ती खुर्ची, म्हटलं. म्हणून शिक्का मारला."

ताई चुलीपाशी गेली, पातेलं चढवलं. पाणी उकळेपर्यंत पाठमोरी उभी राहिली. ह्या माणसावर तिला रागावता आलं असतं तर तिला बरं वाटलं असतं.

"निदान ते आधी सांगायचं," ती म्हणाली.

"सांगितलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

मुदतीचे आठ महिने उरले होते. तिने राजीनामा लिहिला तर अध्यक्षांनी तो हातात घेतला नाही. "छे, छे. आपल्या सल्ल्याची आता तर खरी गरज आहे." करार पुन्हा टेबलावर आला. ताईने सल्ला दिला की मैदान देऊ नका. कारकुनाने लिहिलं, 'मा. सदस्यांचा सल्ला घेण्यात आला,' आणि चार सह्या झाल्या. त्या कागदाची एक प्रत तिला मिळाली. तिने ती खिळेकाकांना दाखवलीही नाही, कपाटात अंथरलेल्या कागदाखाली सारून दिली.

रुग्णालय साडेतीन वर्षांत उभं राहिलं. चित्रात होतं त्याहून देखणं. टेकडीवरचे कपडे ताईकडे परत आले नाहीत. तोवर तिथे घरोघर धुण्या-इस्त्रीची यंत्रं आली होती. ती एका वसतिगृहाच्या चादरी करू लागली. खुर्चीवर तिच्यानंतर एक रखवालदार बसला, मग एक दूधवाला. दोघेही सल्ला देत आणि चहा पीत. कोण बसलंय, हे लोक विचारेनासे झाले.

आणि एके दिवशी सकाळी शिंपीण टपरीवर आली. पाच वर्षांत तिने ताईला हाक मारली नव्हती. चेहरा उतरलेला, ओठ पांढरे. पोटात गाठ होती आणि लवकर कापायला हवी होती. रुग्णालयात ती तीनदा जाऊन आली होती. खिडकीतली मुलगी दर वेळी म्हणे, मोफतच्या सगळ्या खाटा भरल्यात, पुढच्या महिन्यात या.

"ताई, तुझी वर ओळख आहे ना," शिंपीण म्हणाली. "एक शब्द टाक."

ताईने इस्त्री उभी केली. मनात आलं ते तिने गिळलं. ते खूप होतं आणि गिळायला वेळ लागला. मग तिने हात धुतले, जाकीट घातलं आणि शिंपिणीला घेऊन टेकडी चढली.

अध्यक्ष व्हरांड्यात वर्तमानपत्र वाचत होते. केस सगळे पिकले होते. ते उठून उभे राहिले, नेहमीसारखे. तिचं सगळं ऐकून घेतलं, आत जाऊन फोन केला आणि पाच मिनिटांत बाहेर आले. "झालं. उद्या सकाळी दाखल व्हा. आधीच यायचं की हो. एवढ्याशा गोष्टीसाठी बाई तीनदा परत गेल्या?" मग ताईला म्हणाले, "जुनं काही मनात ठेवू नका. आमचं दार उघडंच असतं."

"उपकार झाले साहेब," ताई म्हणाली. तिचा आवाज तोच होता, न चढणारा.

शिंपीण बरी झाली. गावभर सांगत सुटली, की माणूस नाही, देवमाणूस आहे तो. आपणच ओळखलं नाही. पुढच्या निवडणुकीत वस्तीने अध्यक्षांना आजवर कधी दिली नव्हती इतकी मतं दिली. खिळेकाका तेव्हा अंथरुणाला खिळले होते. ते मतदानाला गेले नाहीत आणि त्याच महिन्यात वारले. ताई शेवटी त्यांच्याजवळ होती. त्यांनी विचारलं, "किती जणांना मिळाल्या खाटा?"

"मी नेलेल्यांना मिळाल्या. सोळा."

"आणि न नेलेल्यांना?"

ताईने त्यांच्या अंगावरची चादर सारखी केली.

आता महिन्यातून दोन-तीनदा कुणी ना कुणी टपरीवर येतं आणि ताई त्यांना घेऊन वर जाते. नाही म्हणणं तिला जमत नाही असं नाही. माणसाच्या पोटात गाठ असताना ते कुणाला म्हणायचं, हे कळत नाही. व्हरांड्यात आता लाकडी बाक टाकलेत, कारण येणारे पुष्कळ असतात. मागच्या आठवड्यात तिच्याबरोबर एक तरुण बाई होती, सासूसाठी आलेली, चार बुकं शिकलेली. बाकावर बसल्या बसल्या ती हळूच म्हणाली, "ताई, करारात तीस खाटा आपल्या हक्काच्या आहेत असं लिहिलंय म्हणे. तसंच साहेबांना सांगू का?"

"नको," ताई म्हणाली. "तसं म्हटलंस तर ते वकिलाकडे पाठवतील. मेहेरबानी करा म्हण. सासू म्हातारी आहे म्हण. आणि रडू आलं तर आवरू नकोस."

बाई तिच्याकडे बघत राहिली. आतून कुणीतरी पुढचं नाव पुकारलं. आणखी दोघं जण पायऱ्या चढून आली होती. ताईने बाकावर सरकून त्यांना जागा करून दिली.